गुठळीच्या ताकदीचा विसरलेला प्रश्न

रक्त गोठण्याच्या घटनेला दोन प्रश्न विचारता येतात. रक्त का आणि किती वेळात गोठते, हा पहिला. गोठून झालेली गुठळी टिकते कशी, हा दुसरा. दुसरा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. जखमेच्या तोंडाशी बसलेल्या गुठळीला वाहत्या रक्ताचा रेटा सोसायचा असतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर येणारा धक्का पचवायचा असतो आणि भोवतालचे स्नायू हलले की न तुटता ताणलेही जायचे असते. हे सगळे ज्या जाळ्याच्या जिवावर होते त्याचे साहित्य अगदी तुटपुंजे आहे. निरोगी माणसाच्या एक लिटर प्लाझ्मात फायब्रिनोजेन हे प्रथिन साधारण दोन ते चार ग्रॅम असते. त्यापासून झालेले फायब्रिनचे तंतू बाकीचे सगळे पाणी आणि पेशी अडवून धरतात. एवढ्याशा साहित्यातून इतकी चिवट वस्तू कशी उभी राहते, याचे रेणूच्या पातळीवरचे उत्तर एकविसाव्या शतकात मिळू लागले आणि ते मिळवण्यात संगणकावर रचलेल्या प्रतिरूपांचा मोठा वाटा आहे. हा इतिहास बहुधा यंत्रांच्या प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो : संगणक वेगवान झाले आणि उत्तर सापडले. मला ही मांडणी अपुरी वाटते. या उत्तराचा गाभा ज्या निरीक्षणात आहे ते १९४३ मध्येच नोंदले गेले होते, आणि तेही लोकरीचा अभ्यास करणाऱ्यांकडून. पुढे वैद्यकाचे लक्ष दुसरीकडे गेले आणि ते निरीक्षण साठ-सत्तर वर्षे पडून राहिले. संगणकाचे खरे श्रेय हे की त्याने तो जुना प्रश्न पुन्हा विचारण्याजोगा केला.

सुरुवात खरे तर बांधणीपासूनच झाली होती. १६६६ मध्ये मार्चेल्लो मालपिगीने गुठळी धुऊन तिचा तांबडा रंग काढून टाकला आणि उरलेले पांढरे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शंभर वर्षांनी लंडनमध्ये विल्यम ह्यूसनने दाखवले की रक्तात गोठतो तो द्रव भाग. तांबड्या पेशी त्यात नुसत्या अडकतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉर्पाटचा अलेक्झांडर श्मिट आणि उप्सालाचा ओलोफ हॅमरस्टेन यांच्यात वाद झाला तो मात्र पूर्णपणे रसायनाचा होता. फायब्रिन व्हायला दोन प्रथिने एकत्र यावी लागतात, असे श्मिटचे म्हणणे. हॅमरस्टेनने घोड्याच्या प्लाझ्मातून मिठाच्या साहाय्याने फायब्रिनोजेन वेगळे काढले आणि थ्रॉम्बिन या विकराची जोड मिळाली की त्या एकट्यापासून गुठळी होते, हे सिद्ध केले. १९०५ मध्ये पॉल मोराविट्झने हे सगळे जुळवून चार घटकांचा सिद्धांत मांडला आणि पुढच्या अर्धशतकाचा मार्ग ठरून गेला.

तो मार्ग घटक शोधण्याचा होता. त्यामागे माणुसकीचे मोठे कारण होते हे विसरून चालणार नाही. हिमोफिलियाच्या मुलाच्या रक्तात नेमके काय कमी आहे हे कळल्याशिवाय त्याला वाचवता येत नव्हते. १९३५ मध्ये आर्मंड क्विकने प्रोथ्रॉम्बिन टाइमची चाचणी दिली. ती आजही रोज लाखो रुग्णांवर होते आणि रक्त गोठायला किती सेकंद लागले एवढेच सांगते. १९६४ मध्ये इंग्लंडात मॅकफार्लेनने आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी एका घटकाने दुसऱ्याला जागे करावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी मांडली. पाठ्यपुस्तकांत ती साखळी फायब्रिनपाशी येऊन थांबते. फायब्रिन झाले की प्रकरण संपले! दुसरा प्रश्न या काळात कोणालाच सुचला नाही असे मात्र नाही. १९४८ मध्ये जर्मनीत हेल्मुट हार्टर्टने थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफ बनवला. एका लहान भांड्यात रक्त ठेवायचे, त्यात पीळ बसू शकेल अशा तारेला टांगलेली पिन बुडवायची आणि भांडे थोड्या कोनातून पुढे-मागे फिरवायचे. रक्त गोठू लागले की गुठळी पिनेला आपल्याबरोबर ओढते. ही ओढ जितकी जास्त तितकी गुठळी घट्ट. उपकरण चांगले चालत होते. तरीही रुग्णालयांत त्याला खरे स्थान मिळाले ते १९८०च्या दशकात, यकृतारोपणाच्या शस्त्रक्रिया वाढू लागल्या तेव्हा. ताकद मोजण्याचे साधन हाताशी असून ती मोजावीशी न वाटणे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

ज्यांना ती मोजावीशी वाटली त्यांतले दोघे वैद्यकाच्या बाहेरचे होते. विल्यम ॲस्टबरी १९२८ मध्ये लीड्स विद्यापीठात आला तो वस्त्रांच्या भौतिकशास्त्रासाठी. लीड्स म्हणजे यॉर्कशायरच्या लोकरीच्या धंद्याचे केंद्र, आणि लोकर ताणल्यावर लांब होते व सोडल्यावर पुन्हा आखडते, हे तिथल्या कारखान्यांच्या रोजच्या व्यवहारातले सत्य होते. ॲस्टबरीने लोकरीचा केस क्ष-किरणांत धरला. सैल केसाने एक प्रकारची आकृती दिली. ओलसर करून ताणलेल्या केसाने दुसरी. पहिलीला त्याने अल्फा म्हटले, दुसरीला बीटा. याचा अर्थ केस ताणला जातो तेव्हा रेणू एकमेकांवरून नुसते घसरत नाहीत, खुद्द रेणूची घडण बदलते. ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. पुढे त्याने एकेक प्रथिन घेऊन तीच परीक्षा लावली. १९४३ मध्ये केनेथ बेली आणि केनेथ रुडॉल यांच्यासह ‘नेचर’मध्ये त्याने लिहिले की फायब्रिनोजेन आणि फायब्रिन हीदेखील केसातले केराटिन आणि स्नायूतले मायोसिन यांच्याच कुळातली आहेत. फायब्रिनचीही आकृती अल्फा, आणि ते ताणले की बीटा. रक्तातले हे प्रथिन लोकरीसारखे वागते, असे त्याने दाखवून दिले होते.

दुसरा जॉन फेरी. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डमध्ये एडविन कोहन यांच्या हाताखाली रक्ताचे घटक वेगळे करण्याचे प्रचंड काम चालले होते. सैनिकांसाठी अल्ब्युमिन हवे होते. त्याच्या जोडीने फायब्रिनोजेन भरपूर निघू लागले. त्यापासून मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवायला फायब्रिनचा फेस आणि मेंदूच्या आवरणाला ठिगळ लावायला फायब्रिनची पातळ चकती बनवली गेली. ठिगळ बनवायचे तर ते किती ताणते हे पाहावेच लागते. फेरी आणि पीटर मॉरिसन यांनी १९४७ मध्ये नोंदवले की द्रावणातले क्षार आणि आम्लता बदलली की त्याच फायब्रिनोजेनापासून कधी जाड तंतूंची, दुधाळ गुठळी होते तर कधी बारीक तंतूंची, पारदर्शक. आणि दोघींची चिवटपणाची रीत वेगळी असते. फेरी पुढे विस्कॉन्सिनला जाऊन रबर आणि प्लास्टिक यांसारख्या पदार्थांच्या चिवटपणावरचा मोठा जाणकार झाला. फायब्रिनचे रेणू एकमेकांशी अर्ध्या लांबीने सरकून जुळतात, ही आज सर्वमान्य असलेली कल्पना १९५२ मध्ये त्यानेच मांडली.

मग ॲस्टबरीचे निरीक्षण पुढे का गेले नाही? एक कारण वर आलेच : वैद्यकाला काळाची चिंता होती, ताकदीची नव्हती. दुसरे कारण अधिक कठीण आहे. रेणू ताणल्यावर त्याची घडण बदलते, एवढे कळून भागत नाही. नेमका कोणता भाग, कोणत्या क्रमाने आणि किती बलाने बदलतो हे कळावे लागते. त्यासाठी आधी रेणूचा नकाशा हवा. अल्फा घडण म्हणजे मळसूत्र, हे लायनस पॉलिंगने १९५१ मध्ये सांगितले. सेसिल हॉल आणि हेन्री स्लेटर यांनी १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून फायब्रिनोजेनचा रेणू पाहिला : सुमारे ४७ नॅनोमीटर लांब, टोकांना दोन मोठ्या गाठी आणि मधोमध एक लहान. या गाठींना जोडणारे दोन दांडे म्हणजे अल्फा मळसूत्रांचे पीळ, हेही पुढे स्पष्ट झाले. पण अणूंच्या पातळीवरचा नकाशा रसेल डूलिटल यांच्या सॅन डिएगोतल्या प्रयोगशाळेतून तुकड्यातुकड्याने आला. १९९७ मध्ये टोकाची गाठ आणि २००९ मध्ये मानवी फायब्रिनोजेनचा बहुतेक रेणू.

संगणकाची वाट तोवर वेगळीकडून चालत आली होती. हैदराबादेत जन्मलेले अनीसूर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू संगणकात घातले, प्रत्येकावरचे बल काढले, न्यूटनच्या नियमाने प्रत्येकाला किंचित पुढे सरकवले आणि हेच पुन्हा पुन्हा केले. द्रवाच्या मोजलेल्या गुणधर्मांशी निकाल जुळला. आजच्या प्रत्येक प्रथिनाच्या सिम्युलेशनचा गाभा हाच आहे. १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी हीच रीत पहिल्यांदा एका प्रथिनाला लावली. त्यात ५८ अमिनो आम्ले होती आणि हालचालीचा पाहता आलेला अवधी दहा पिकोसेकंदांहूनही कमी. फायब्रिनोजेनमध्ये सहा साखळ्या मिळून जवळजवळ तीन हजार अमिनो आम्ले आहेत; भोवतालचे पाणी धरले तर अणूंची संख्या लाखांत जाते. प्रत्येक पाऊल एक-दोन फेम्टोसेकंदांचे. तिथवर पोचायला तीस वर्षे लागली. मध्यंतरी, १९९०च्या दशकात, हेल्मुट ग्रुबम्युलर आणि क्लाउस शुल्टन यांच्या गटांनी प्रथिनाचे एक टोक धरून संगणकात ओढण्याची पद्धत रुळवली. स्नायूतल्या टायटिनवर ती खऱ्या अर्थाने तावून निघाली, कारण तोच रेणू प्रत्यक्षात ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या टोकाला अडकवून ओढता येत होता.

फायब्रिनकडे लोक परत वळले ते एका धक्कादायक मोजमापामुळे. २००६ मध्ये मार्टिन गुटहोल्ड आणि नॉर्थ कॅरोलायनातले त्यांचे सहकारी यांनी फायब्रिनचा एकेक तंतू खाचांवर आडवा टांगून ओढला. मूळ लांबीत १८० टक्के भर पडेपर्यंत ताणूनही सोडल्यावर तो पूर्ववत होत होता, आणि तुटण्यापूर्वी सरासरी ३३० टक्के वाढत होता. नैसर्गिक प्रथिनांच्या तंतूंत असे उदाहरण विरळा. अर्ध्या लांबीने सरकून जुळलेले रेणू नुसते सरळ होऊन एवढी लांबी भरणे शक्यच नव्हते. रेणूच्या आत काहीतरी उलगडत होते. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात जॉन वाइझेल यांच्या गटाने रेणूंची माळ ओढून करवतीच्या दात्यांसारखा आलेख मिळवला आणि दांड्यातले पीळ सुटत असावेत असा निष्कर्ष काढला. २००८ मध्ये बर्नार्ड लिम, शुल्टन आणि इतरांनी प्रयोग व सिम्युलेशन यांची सांगड घालून याच मळसूत्री दांड्यांना केंद्रस्थानी ठेवले. पण २०११ मध्ये वाइझेल आणि मॅसॅच्युसेट्सचे व्हॅलेरी बार्सेगोव्ह यांच्या गटांनी तोच दातेरी आलेख संगणकात पुन्हा काढून पाहिला, तेव्हा चित्र बदलले. दात्यांना कारण होत्या टोकाच्या गाठी; गॅमा साखळीच्या गाठी टप्प्याटप्प्याने उसवत होत्या आणि दांडे त्या ओघात लांब-आखूड होत होते. मायक्रोस्कोपला बल आणि लांबी दिसते. कुठला भाग सुटला ते दिसत नाही. इथे संगणकाने प्रयोगाचा अर्थच बदलला.

मग २०१२ साल. बार्सेगोव्ह यांच्या गटाने दांडा अणूंसह ओढला आणि मळसूत्रे उलगडून त्यांच्या साखळ्या शेजारी-शेजारी बसून बीटा घडण होताना पाहिली. त्याच वर्षी वाइझेल आणि रुस्तम लिट्विनोव्ह यांच्या गटाने ओल्या, प्रत्यक्ष गुठळ्या ताणून आणि दाबून अवरक्त किरणांनी तपासल्या. तिथेही अल्फा कमी होऊन बीटा वाढत होते. ॲस्टबरीच्या आकृत्यांनंतर ६९ वर्षांनी त्या आकृत्यांमागची हालचाल अणूगणिक दिसली.

इथे इतिहासकाराची एक शंका रास्त आहे. ॲस्टबरीला खरेच गुठळीच्या ताकदीचा प्रश्न पडला होता का, की आपण आजचा प्रश्न त्याच्या तोंडी घालतो आहोत? त्याचा ओढा तंतुमय प्रथिनांची कुळे लावण्याकडे होता, जखमांकडे नव्हता, हे खरेच. अल्फा घडणीचे त्याने दिलेले चित्रही पॉलिंगने बाद केले. तरी त्याच्या वर्गीकरणाची कसोटीच मुळात यांत्रिक होती : ताणा आणि पाहा. रेणूची ओळख त्याच्या ताणले जाण्यावरून करणारा माणूस ताकदीच्या प्रश्नापासून दूर नव्हता. आणि २०१२च्या दोन्ही शोधनिबंधांनी जे स्पष्ट केले ते त्याचे मोजलेले तथ्य होते. त्याचा सिद्धांत चुकला तरी ते तथ्य टिकून राहिले.

दुसरा आक्षेप स्फटिकशास्त्रज्ञांच्या बाजूचा : नकाशा डूलिटल यांनी दिला, संगणकाने तो नुसता हलवून दाखवला. यात तथ्य आहे, पण गॅमा गाठींचे उदाहरण त्याला उत्तर देते. स्थिर नकाशात मळसूत्री दांडा लांब आणि बारीक दिसतो, गाठ घट्ट दिसते. नजरेला दांडाच आधी सुटेल असे वाटते आणि जाणकारांनाही तसेच वाटले होते. कोणते बंध ओढीच्या दिशेत येतात आणि कोणते आडवे राहतात, यावर सगळे ठरते, आणि ते ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वेगाचा आक्षेप त्याहून गंभीर आहे. पाणी आणि सर्व अणू धरून केलेल्या सिम्युलेशनमध्ये रेणू काही नॅनोसेकंदांत ओढावा लागतो. प्रत्यक्ष मायक्रोस्कोप त्याहून लाखो पटींनी हळू ओढतो. घाईने ओढले की बंध तुटायला जास्त बल लागते, शिवाय तुटण्याचा क्रमही बदलू शकतो. यावर उपाय म्हणून २०११च्या कामात प्रत्येक अमिनो आम्लाच्या जागी एकच गोळा धरला गेला, पाणी वगळले आणि खेळांसाठी बनवलेल्या ग्राफिक्स कार्डांवर हिशेब चालवून प्रयोगाच्या वेगापर्यंत पोचता आले. पण या सुटसुटीत प्रतिरूपात रेणूची मूळ घडण हीच त्याची आवडती अवस्था म्हणून आधीच लिहून दिलेली असते. ते उसवणे दाखवू शकते. पूर्वी नसलेली बीटा घडण ते स्वतःहून घडवू शकत नाही. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा सर्व अणूंकडे, पण पाणी प्रत्यक्ष न घालता, वळावे लागले. प्रत्येक प्रतिरूपाला एक प्रश्न विचारता येतो आणि दुसरा येत नाही. हे ओळखून काम करणाऱ्या या गटांबद्दल मला आदर वाटतो.

सर्वांत मोठी उणीव मात्र संगणकाची नाहीच, नकाशाची आहे. फायब्रिनोजेनच्या दोन्ही अल्फा साखळ्यांची (इथे अल्फा हे साखळीचे नाव, घडणीचे नव्हे) शेपटे, प्रत्येकी सुमारे ३९० अमिनो आम्लांची, स्फटिकात दिसत नाहीत, कारण त्यांना ठरावीक घडणच नाही. म्हणजे रेणूचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग नकाशावर कोरा आहे आणि वरची बहुतेक सिम्युलेशने त्या भागावाचून झाली. चॅपेल हिलमधल्या संशोधकांनी नेमके इथे बोट ठेवले. कोंबडीच्या फायब्रिनोजेनात या शेपटांतला पुनरावृत्त भाग नसतो, आणि त्याचे तंतू माणसाच्या तंतूंपेक्षा खूपच कमी ताणले जातात. उंदराचे मधोमध. २०१० मध्ये त्यांनी मांडले की तंतूच्या लवचिकतेचे मूळ या शेपटांतच असावे. माझ्या मते या पुराव्यामुळे मळसूत्रांची कथा खोटी ठरत नाही. अवरक्त किरणांनी ओल्या गुठळीत बीटा पाहिले आहे आणि ते नाकारता येत नाही. सुरुवातीचा सहज ताण शेपटे सोसत असतील आणि ओढ वाढली की दांडे व गाठी उलगडत असतील, अशी वाटणी मला जास्त संभवनीय दिसते.

या साऱ्याला व्यवहाराची निकड आली ती २०१५ मध्ये. मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी जाळीदार स्टेंटने धरून बाहेर ओढल्यास पक्षाघाताचे रुग्ण सुधारतात, हे त्या वर्षी नेदरलँड्समधल्या आणि पाठोपाठ इतर चाचण्यांनी दाखवले. आता डॉक्टरच्या हातात अक्षरशः ओढायची गुठळी आली. फायब्रिन अधिक असलेल्या गुठळ्या ताठ असतात, भिंतीला घट्ट घासतात आणि पहिल्या प्रयत्नात निघणे अवघड जाते. गुठळी काढण्याआधी ती कशी वागेल याचा अंदाज देणारी संपूर्ण गुठळीची प्रतिरूपे युरोपात आणि अमेरिकेत रचली जात आहेत. २००९ मध्ये वाइझेल, डिस्चर आणि पुरोहित यांच्या गटाने रेणूपासून तंतू आणि तंतूपासून गुठळी असा सहा दशमान पायऱ्यांचा जिना एकाच मांडणीत बांधण्याचा प्रयत्न केला होता. ताणलेल्या गुठळीतून पाणी बाहेर पडून ती आकसते, याचे कारणही त्यांनी प्रथिनाच्या उलगडण्यात शोधले. आजची धमनीतल्या गुठळीची प्रतिरूपे मात्र बहुतांशी तिला सलग पदार्थ मानतात आणि तिचे गुणधर्म गुठळीवरच्या चाचण्यांतून उचलतात. गॅमा गाठ, दांडा आणि कोरे शेपूट यांची नोंद त्या हिशेबात अजून क्वचितच होते.